चकलीचं वजन किती? इंदूरच्या एका घरगुती व्यवसायाने ऑनलाइन दुकान कसं निवडलं

फेब्रुवारी 2024 मधली गोष्ट. लोकमान्यनगरच्या काकू एक खोकं घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. वर कुरिअरची तीन लेबलं एकावर एक चिकटवलेली, एक कोपरा दबलेला. उघडलं तर आत अर्धा किलो भाजणीची चकली. चकली कसली, चुराच, आणि खवट तेलाचा वास. पुण्याला हिंजवडीत गेलेलं पार्सल, कॅश ऑन डिलिव्हरीचं. माणूस दोनदा घरी सापडला नाही, तिसऱ्यांदा ‘नको’ म्हणाला. एकोणीस दिवस फिरून ते परत इंदूरला आलं.

“हे विकलं गेलं असतं तर मला किती मिळाले असते, तेवढं सांग,” काकू म्हणाल्या. “मिळाले नाहीत ते राहू दे.”

मी त्यांचे हिशेब बघतो. जीएसटीची विवरणपत्रं भरणं हा माझा धंदा, ऑनलाइन दुकानं उभारणं हा नव्हे. पण त्या एका प्रश्नाचं उत्तर काढता काढता मी पुढचे सात-आठ महिने ‘कुठल्या प्लॅटफॉर्मवर विकायचं’ या त्यांच्या घोळात पुरता ओढला गेलो. काकूंसारख्या आणखी चार जणी मला आता तेच विचारायला येतात, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो. नावं गाळली आहेत, आकडे त्यांच्या वहीतले आहेत.

घर आणि वही

काकू वीसेक वर्षं हे करतात. मेतकूट, गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी, उपासाची भाजणी, लसणाची चटणी, पोह्यांचा चिवडा, चकली, बेसनाचे लाडू, आणि दिवाळीत अनारसे. धने-जिरे, डाळी सियागंजातून येतात. भाजणं घरी, दळणं कोपऱ्यावरच्या गिरणीत. मदतीला दोन बायका, आणि फोन, पैसे, पॅकिंग हे सगळं सूनबाई, म्हणजे आमच्या वहिनी, बघतात. 2023-24 मध्ये उलाढाल साडेसात लाखांची, त्यातले जवळजवळ निम्मे दिवाळीच्या पाच आठवड्यांतले.

आधी गिऱ्हाईक गावातलंच होतं. रामबाग, सुदामानगर, मराठी मंडळींच्या खाद्यजत्रेतला स्टॉल. मग इंदूरची मराठी पोरं नोकरीसाठी पुण्याला गेली आणि त्यांच्यामागे मेतकूट गेलं. रात्रीच्या पुणे बसमध्ये ड्रायव्हरच्या हाती पिशवी द्यायची, पहाटे पोराने स्टँडवरून उचलायची. पन्नास-साठ रुपयांत काम. बिजासन घाटात चकलीचे दोन-चार तुकडे व्हायचे, कोणी तक्रार करत नसे. तुकडे आईकडून आलेले असले की चालतात.

काकूंकडे लाल कापडी बांधणीची एक चोपडी आहे. तीत प्रत्येक गिऱ्हाइकाला अर्धं पान. ‘कोथरूड, तिखट कमी, मुलाला शेंगदाणे चालत नाहीत, जूनमध्ये घर बदलणार.’ अशी चारशेवर माणसं. ही चोपडी या प्रकरणात पुन्हा येणार आहे. मला स्वतःला तिची किंमत कळायला उशीर लागला.

आधी कराची गाठ

प्लॅटफॉर्मची चर्चा सुरू व्हायच्या आधी एक गैरसमज निस्तरावा लागला, आणि तो मला जवळजवळ प्रत्येक घरगुती उद्योगात भेटतो: ‘मोठ्या साइटवर विकलं तरच जीएसटी लागतो, आपल्या वेबसाइटवर किंवा व्हॉट्सॲपवर 40 लाखांपर्यंत काही नाही.’

40 लाखांची सूट आहे, पण ती राज्याच्या आतल्या विक्रीपुरती. करपात्र माल राज्याबाहेर विकला की पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. ऑर्डर वेबसाइटवरून आली, फोनवरून आली की पोस्टकार्डावरून, कायद्याला फरक पडत नाही. पाकीट मध्य प्रदेशातून निघून महाराष्ट्रात गेलं एवढं पुरे. कंपोझिशनमध्ये, म्हणजे लहान व्यापाऱ्यांसाठीच्या कमी दराच्या योजनेत, शिरून कर कमी करू म्हणाल तर त्या योजनेत राज्याबाहेर माल विकताच येत नाही. उलट 1 ऑक्टोबर 2023 पासून एक दार उघडलं आहे: नोंदणी नसलेला लहान विक्रेता आपल्याच राज्यातल्या गिऱ्हाइकांना मोठ्या साइटवरून विकू शकतो. इंदूरहून भोपाळ-उज्जैनला विकणाऱ्याला हे उपयोगी. काकूंचं अर्धं गिऱ्हाईक पुण्यात.

म्हणून नोंदणी 2023 मध्येच झाली होती, आणि ज्या बसच्या पिशव्यांचा मी वर इतका कौतुकाने उल्लेख केला त्यांनाही आता बिल जातं. काकूंना ते आजही पटलेलं नाही.

एका खोक्याचा हिशेब

त्या चकलीच्या प्रश्नाकडे येतो. 2023 च्या दिवाळीआधी वहिनींनी एका मोठ्या मार्केटप्लेसवर खातं उघडलं होतं. नाव घेत नाही, कारण घोटाळा त्यांचा नव्हता, आमचा होता. अर्धा किलो चकलीचा भाव 340 रुपये लावलेला. अशा एका पोचलेल्या खोक्याचा उतारा मी काढला.

कमिशन 31. ठरावीक शुल्क 26. पाठवणीचे 128. बेरीज 185, त्यावर 18 टक्के जीएसटी 33 रुपये 30 पैसे. शिवाय टीसीएस, म्हणजे साइट आपल्या नावाने आधीच कापून सरकारकडे भरते तो कर, 3 रुपये 4 पैसे. हा तेव्हा 1 टक्का होता, 10 जुलै 2024 पासून अर्ध्यावर आला. बँकेत जमा 118 रुपये 66 पैसे.

“म्हणजे तीनशे चाळीसचे एकशे अठरा?” वहिनी.

थांबा. 340 मध्ये 12 टक्के कर होता, म्हणजे 36 रुपये 43 पैसे सरकारचे. शुल्कावरचे 33.30 वजावटीत मिळतात, टीसीएसही आपल्या खात्यात परत येतो. सगळी उलटापालट करून शेवटी हातात राहतात 118 रुपये 57 पैसे. नऊ पैशांचा फरक. आणि जिन्नस, तेल, गॅस, मजुरी, खोकं मिळून काकूंचा खर्च 172. म्हणजे खोकं सुखरूप पोचलं, गिऱ्हाइकाने पाच तारे दिले, तरी 53 रुपयांचा खड्डा. परत आलेलं खोकं तर पूर्णच बुडीत. परत आलेली साडी पुन्हा विकता येते, परत आलेली चकली नाही.

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आणि मी ऑर्डरी वाढल्या म्हणून पेढे वाटले.”

माझ्या डोक्यात आलं की कमिशन जास्त आहे, साइट बदलू. वहिनींच्या डोक्यातही तेच. दोघंही चुकलो होतो. कमिशन 31 रुपये होतं. जीव घेत होते पाठवणीचे 128. आणि अर्ध्या किलोला 128 का, हे कळायला आम्हाला मे महिना उजाडला.

आधीच पोळलेलं तोंड

मधल्या काळात आम्ही ‘स्वतःची वेबसाइट’ या दिशेला वळलो. खरं तर दुसऱ्यांदा. 2022 मध्ये ओळखीतल्या एका मुलाने बारा हजारांत वर्डप्रेसवर वूकॉमर्स लावून दुकान करून दिलं होतं. वूकॉमर्स म्हणजे वर्डप्रेसला जोडायचं फुकट सॉफ्टवेअर. 2011 पासूनचं, 2015 मध्ये ते ऑटोमॅटिक या वर्डप्रेसवाल्या कंपनीने घेतलं. जगभर लाखो दुकानं त्यावर चालतात. वाईट चीज मुळीच नाही.

मुलाला बेंगळुरूला नोकरी लागली. सप्टेंबरात कुठलंतरी प्लगइन, म्हणजे साइटला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर, आपोआप अद्ययावत झालं आणि पैसे भरायचं पान उघडेनासं झालं. घरात कोणाला पत्ता नाही. ऑर्डरी थांबल्या, काकूंना वाटलं पितृपक्ष आहे, लोक फराळाचं कशाला मागवतील! नवरात्र संपत आलं तेव्हा पुण्याच्या एका मुलीने फोन केला: “काकू, तुमची साइट बंद का केली?”

त्याहून वाईट पुढे. डोमेन त्या मुलाच्या ईमेलवर घेतलेलं होतं. त्याने मुद्दाम केलेलं नाही, त्याच्याकडे कार्ड होतं म्हणून त्याने भरलं इतकंच. पण तो ईमेल कॉलेजचा होता, बंद झाला, नूतनीकरणाची सूचना कोणाला मिळाली नाही आणि नाव गेलं. दुसऱ्या कोणीतरी उचललं. डोमेन ज्याच्या नावावर नोंदलेलं असतं त्याचं. दुकानाचं नाव पाटीवर तुमचं असलं तरी. तुम्ही आत्ता दुकान काढत असाल तर बाकी सगळं उद्यावर टाका, पण डोमेन आज स्वतःच्या नावाने, घरातल्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डाने घ्या. वर्षाला हजाराच्या आत-बाहेर खर्च येतो.

तर 2024 मध्ये दोन पर्याय समोर होते: पुन्हा वूकॉमर्स, नाहीतर शॉपिफाय. शॉपिफाय ही कॅनडाची कंपनी, 2006 पासूनची. दुकान त्यांच्या यंत्रावर चालतं, तुम्ही भाडं भरता. भाडं तेव्हा बेसिक योजनेला, वर्षाचं एकदम भरलं तर, महिन्याला दीड हजारांच्या आसपास. एक गोष्ट जाहिरातीत ठळक नसते: त्यांची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही. त्यामुळे दुसरा गेटवे, म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे ऑनलाइन घेणारी सेवा, जोडावा लागतो आणि त्याबद्दल बेसिक योजनेवर ते प्रत्येक विक्रीवर 2 टक्के घेतात. गेटवेचे साधारण 2 टक्के आणि त्यावर जीएसटी, हे वेगळे.

मी कागदावर मांडलं. महिन्याला तीस ऑर्डरी, सरासरी 760 ची, म्हणजे 22,800. शॉपिफायला 1,500 भाडं अधिक 456. वूकॉमर्सला होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायच्या जागेचं भाडं, वर्षाला सहा हजार धरलं तर महिन्याला 500. गेटवे दोन्हीकडे सारखाच, तो सोडून द्या. फरक 1,456 रुपयांचा.

सगळी तुलना इथे येऊन ठेपते. कुठल्यात किती डिझाइनं आहेत आणि कुठलं वेगाने उघडतं, यावर मी तीन रविवार घालवले. फुकट गेले. खरा प्रश्न एवढाच होता की महिन्याला साडेचौदाशे रुपयांत तुम्हाला असा माणूस मिळेल का, जो पैशाचं पान बंद पडलं तर त्याच दिवशी ओळखेल आणि दुरुस्त करेल? घरात असा मुलगा-मुलगी असेल तर वूकॉमर्स घ्या, डोळे मिटून. काकूंच्या घरात नव्हतं. वहिनी म्हणाल्या, “भावजी, मला रात्री अकराला भाजणीचा हिशेब जमतो. प्लगइनचा नाही.”

ओएनडीसी या सरकारी पुढाकारातल्या ऑनलाइन व्यापाराच्या योजनेचाही विषय निघाला, कारण 2022 मध्ये त्याची चाचणी ज्या पाच शहरांत सुरू झाली त्यांत भोपाळ होतं आणि काकूंच्या भाच्याने तिथे बरंच ऐकलेलं. पण ते दुकान नव्हे, जाळं आहे. त्यात उतरायला कुठल्यातरी विक्रेता-ॲपमधून जावं लागतं, आणि इंदूर-पुणे पाठवणीचा आमचा प्रश्न त्याने सुटत नव्हता. बाजूला ठेवलं.

स्वयंपाकघरातली मोजणी

मे महिन्यात पिकअपला येणाऱ्या कुरिअरच्या मुलाने जाता जाता जे सांगितलं, ते मला कुठल्याही तुलना-तक्त्यात दिसलं नव्हतं. वहिनींनी त्याला विचारलं, चकली अर्धा किलो आहे, दीड किलोचे पैसे का? तो हसला. “भिया, वजन डब्बे का लगेगा, माल का नहीं.” वहिनींनाही भियाच. इंदुरात हे चालतं.

खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची, 5,000 ने भागायचं. येईल ते किलो. हे ‘आकारमानी’ वजन आणि खरं वजन यांतलं जे जास्त, त्याचे पैसे, आणि तेही अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्याने. चकली तुटू नये म्हणून आम्ही मोठं खोकं घेत होतो, भोवती कागदाचे बोळे भरत होतो. 24 गुणिले 18 गुणिले 14. भागिले 5,000. एक किलो 210 ग्रॅम. टप्पा दीड किलोचा. आम्ही पुण्याला एक किलो हवा पाठवत होतो.

त्या संध्याकाळी काकूंनी ओट्यावर सगळं मांडलं. शिवणकामाची टेप, पोह्यांचा काटा, माझी वही.

मेतकुटाचं पाव किलोचं पाकीट: 18 गुणिले 12 गुणिले 4. आकारमानी वजन 173 ग्रॅम, खरं 275. अर्ध्या किलोच्या टप्प्यात बसलं, वर जागा उरली. शेजारी गोड्या मसाल्याचं छोटं पाकीट ठेवलं, तरी बसलं. एका पाठवणीत दोन वस्तू.

थालीपिठाची भाजणी एक किलो: आकारमान काहीच नाही, पण पिशवी आणि बाहेरचं पाकीट धरून काटा 1,040 वर. चाळीस ग्रॅमसाठी दीड किलोचा टप्पा! मी म्हटलं, 900 ग्रॅमचं करा. 2021 च्या वजनमाप नियमांतल्या दुरुस्तीने ठरावीक वजनांचं बंधन गेलं आहे. पाकिटावर प्रति ग्रॅम दर छापला की झालं. काकूंना ते आवडलं नाही. “किलो म्हणजे किलो. नऊशे ग्रॅम म्हणजे लोकांना वाटेल ही बाई काटा मारते.” अर्धा तास यावर गेला. शेवटी 900 हा आकडा भावापेक्षा मोठ्या अक्षरात छापायचा आणि भाव त्या प्रमाणात उतरवायचा, या अटीवर तयार झाल्या. आजही पाकिटावर सर्वांत मोठं काय असेल तर ते ‘900’.

चिवडा अर्धा किलो: 28 गुणिले 20 गुणिले 9. पाच हजार चाळीस. भागिले पाच हजार... एक किलो आठ ग्रॅम. आम्ही एकमेकांकडे बघितलं. उंची साडेआठ केली तर 4,760, म्हणजे 952 ग्रॅम, किलोच्या आत. अर्धा सेंटिमीटर! खोकी करून देणाऱ्याला दुसऱ्या दिवशी नवं माप गेलं.

चकलीला मात्र काही करता येईना. खोकं लहान केलं तर चुरा, मोठं केलं तर हवा. लाडू वजनाने मार खातात, उन्हाळ्यात तूप सुटतं. अनारशांचा तर प्रश्नच नव्हता.

त्या रात्री प्लॅटफॉर्म ठरला, असं आता मागे बघताना वाटतं. कारण आमच्याकडे दोन वेगळे धंदे एका नावाखाली चालले होते. एक टिकाऊ, दाबून भरता येणारा, वर्षभर लागणारा: मेतकूट, मसाला, दोन भाजण्या, चटणी, आणि अर्धा सेंटिमीटर कापलेला चिवडा. दुसरा नाजूक, सणाचा, आधी सांगून करून घ्यायचा: चकली, लाडू, अनारसे. दोन्हींना एकच दुकान शोधत बसल्यामुळे कुठलंच दुकान नीट बसत नव्हतं.

काय ठरलं

सप्टेंबर 2024 मध्ये शॉपिफायवर दुकान उघडलं, फक्त सहा वस्तूंचं. डोमेन वहिनींच्या नावावर. फोटो घरीच काढले, खिडकीशी, पितळी डब्यांसकट. मेतकुटाचं नाव रोमन लिपीत लोक चार-पाच तऱ्हांनी लिहितात; ती सगळी रूपं वस्तूच्या वर्णनात घातली, नाहीतर शोधणाऱ्याला सापडत नाही. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नपरवान्याचा, 14 आकडी क्रमांक, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, कमाल किंमत हे पाकिटावर असतं तसं वस्तूच्या पानावरही टाकलं. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचं नाव द्यावं लागतं, 48 तासांत तक्रारीची पोच आणि महिन्यात निवारण. काकूंनी विचारलं, “अधिकारी कोण?” वहिनी म्हणाल्या, “मी.” दुसरं होतंच कोण.

कॅश ऑन डिलिव्हरी बंद. मला हे पहिल्या दिवसापासून हवं होतं आणि वहिनींना नको होतं. भांडणात मध्यममार्ग निघाला: ज्याने एकदा आगाऊ पैसे भरून माल घेतला आहे त्याला पुढच्या वेळी उधारीसुद्धा चालेल, पण अनोळखी माणसाला दारात पैसे नाहीत. पहिल्या दोन महिन्यांत वहिनींचंच खरं ठरलं. ऑर्डरी 22, मग 19. आम्ही तीस धरल्या होत्या. एकोणीसवर भाडं अंगावर येतं. त्या नोव्हेंबरात त्यांनी मला दोनदा ऐकवलं.

फराळासाठी व्हॉट्सॲप. कॅटलॉग, क्यूआर कोड, यूपीआय. पैसे थेट खात्यात, मधे कोणी नाही. नोंदणी दसऱ्याला बंद. चकली फक्त इंदूर शहरात आणि पुण्याच्या बसने, म्हणजे जिथे ड्रायव्हरला ‘जरा सांभाळून’ असं तोंडाने सांगता येतं तिथेच. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी 256 जणांपुरती असते आणि ज्यांनी आपला नंबर साठवला आहे त्यांनाच निरोप पोचतो, हे वहिनींना पहिल्या यादीनंतर कळलं. शंभरावर लोकांना निरोप गेलाच नव्हता. त्यांनी चोपडी उघडली आणि दोन दुपारी फोन केले.

व्हॉट्सॲपचा त्रास सांगायलाच हवा, कारण ‘फुकट आहे, तेच पुरे’ म्हणणारे खूप भेटतात. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात दिवसाला नव्वद-शंभर निरोप. पत्ता एकीकडे, पैशांचा स्क्रीनशॉट दुसरीकडे, ‘त्यात चिवडा वाढवा’ तिसरीकडे. एकाच आडनावाच्या दोघींचे पैसे एकमेकींच्या नावावर चढले आणि एकीला तिखट चकली गेली जिला पोटाचं दुखणं होतं. वीस-पंचवीस ऑर्डरींपर्यंत व्हॉट्सॲप हे दुकान असतं. त्यापुढे ते दुकानाचा दरवाजा असतं, आणि आत कुणीतरी वही घेऊन बसावं लागतं.

मार्केटप्लेस सोडलं नाही. तिथे आता एकच गोष्ट आहे: मेतकूट आणि गोडा मसाला यांचं जोडपाकीट, अर्ध्या किलोच्या आत. त्यात ऑर्डरमागे साठ-सत्तर सुटतात. नवं माणूस तिथेच सापडतं, आपल्या दुकानाचा रस्ता कोणी अनोळखी सहसा धरत नाही. पण त्या माणसाचा नंबर काकूंच्या चोपडीत येत नाही. तो साइटचा गिऱ्हाईक असतो, काकूंचा नव्हे. पाकिटात आपल्या दुकानाची चिठ्ठी टाकावी असं वहिनींच्या मनात होतं. मी नियम वाचून नको म्हटलं, खातं बंद होण्याइतका तो गुन्हा आहे.

माझ्या मते या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच, आणि ती कमिशनच्या तक्त्यात कुठे येत नाही. काकूंचा धंदा दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या ऑर्डरीवर उभा आहे. मेतकूट एकदाच खाऊन कोणी थांबत नाही. ज्या दुकानात गिऱ्हाइकाचा नंबर आणि ‘तिखट कमी’ ही नोंद आपल्याकडे राहते, तिथे भाडं जरा जास्त गेलं तरी परवडतं. मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला मी याच्या बरोबर उलटा सल्ला देईन. त्याचं गिऱ्हाईक पुन्हा येतच नाही, त्याने मार्केटप्लेसवरच राहावं.

वर्षानंतर

ऑक्टोबर 2024 ते सप्टेंबर 2025 या बारा महिन्यांत वेबसाइटवर 338 ऑर्डरी आल्या. पहिल्या दोन महिन्यांच्या मंदीनंतर महिना सरासरी तिसाच्या जरा खालीच राहिली. त्यांतल्या 207 जुन्या नंबरांवरून. माल परत आला चार वेळा; दोनदा पिन कोड चुकलेला, एकदा आम्हीच चुकीची भाजणी घातलेली, आणि एकदा कारण कळलं नाही. वहिनींना आता भाडं खुपत नाही, पण ते वरचे 2 टक्के खुपतात. दर महिन्याला विचारतात, आणि दर महिन्याला मी म्हणतो, तुमच्या पुतणीला वर्डप्रेस शिकू द्या, मग बघू. ती आता अकरावीत आहे.

22 सप्टेंबर 2025 ला पाकीटबंद नमकीनवरचा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आला. वहिनींनी आदल्या रात्री जेवणं झाल्यावर चिवड्याचा दर बदलला, भाव उतरवला, झोपल्या. जुन्या वेबसाइटच्या काळात यासाठी बेंगळुरूला फोन करावा लागला असता.

वेबसाइटवरची प्रत्येक ऑर्डर काकू अजूनही आधी चोपडीत उतरवतात, मग पाकीट बंद होतं. संगणकात सगळं आहे, असं मी दोनदा सांगून बघितलं. दिवाळीच्या पंधरवडाभर आधी मी तिथे बसलो असताना बेंगळुरूहून एका बाईंचा फोन आला. साइटवर अनारसे का दिसत नाहीत?

“त्यांना प्रवास सोसत नाही हो,” काकू म्हणाल्या.

पलीकडून काहीतरी बोलणं झालं. त्यांचे यजमान चौदा तारखेला कामासाठी इंदूरला येणार होते, सकाळच्या विमानाने, संध्याकाळी परत. काकूंनी चोपडी ओढली, पान शोधलं आणि लिहिलं: ‘14 ला, दुपारी चारपर्यंत, एकवीस अनारसे, हातात घेऊन जाणार.’